समुद्राजवळच्या घरात खांदे-पाठ-दंडाच्या व्यायामाला काय सामान घ्यावं? शिमग्याला पाच महिने आहेत

खाडीकाठ | १२ ऑक्टोबर, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात घर आहे, खाडीच्या तोंडाशी, रात्री समुद्र अंथरुणातून ऐकू येतो इतकं जवळ. वय ४१, वजन ७४ किलो, दिवसभर खुर्चीत बसून संगणकावर काम.

गेल्या शिमग्याला सहाणेवरून (पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावरून) पालखी उठली तेव्हा मी दांड्याखाली खांदा दिला. ढोल सुरू झाला आणि तीन-चार मिनिटांत उजवा खांदा आणि मानेची शीर इतकी भरून आली की शेजारच्याला खूण करून बाजूला व्हावं लागलं. माझे वडील साठी ओलांडेपर्यंत पालखी नाचवायचे. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही, पण मला रात्रभर झोप नाही आली. या वेळी मला नीट तयारी करून उतरायचं आहे.

बजेट दहा-बारा हजार. पडवीत आठ बाय दहाची जागा आहे. डोक्यात चार गोष्टी आहेत, डंबेल सेट, किंवा बार आणि बेंच, किंवा ते घरगुती मल्टीजिम येतं ते, किंवा नुसते रबरी बँड. चार वर्षांपूर्वी ऑनलाइन एक स्वस्त डंबेल सेट मागवला होता, बाहेरून प्लास्टिक आणि आत सिमेंट भरलेला. दुसऱ्या पावसाळ्यात रॉडचे आटे गंजून नट कायमचा बसला आणि एका प्लेटला चीर जाऊन आतली वाळू गळायला लागली. म्हणून या वेळी आधी विचारतोय. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी स्वतःचा अनुभव सांगा प्लीज.

लोखंडी_माणूस | १२ ऑक्टोबर, रात्री ११:०२

बार आणि प्लेट, दुसरं काही नको. रत्नागिरीत नऊ वर्षं करतोय. पाच फुटी साधा बार आणि ४० किलो ओतीव लोखंडाच्या प्लेट घ्या. घरी वापरायचे साधे रॉड २८ किंवा ३० मिमीचे असतात, जिममधला ऑलिम्पिक बार २० किलोचा आणि त्याची टोकं ५० मिमीची, त्यामुळे एकाच्या प्लेट दुसऱ्याला होत नाहीत. घेताना भोकाचं माप विचारा. लोक हमखास इथे फसतात.

बारचा फायदा म्हणजे वजन थोडं थोडं वाढवता येतं. सव्वा किलोच्या दोन प्लेट टाकल्या की अडीच किलो वाढले. ताकद अशीच वाढते, बाकी सगळं घाम गाळणं आहे.

अडकित्ता | १२ ऑक्टोबर, रात्री ११:२०

वाचतोय. आमच्या पडवीत व्यायामाची सायकल आहे, तिच्यावर सध्या आमसुलं वाळतायत. 😀

सुपारीची_बाग | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

श्रीवर्धनहून. खाडीकाठ, मल्टीजिम अजिबात घेऊ नका हो. आमच्या दिरांनी घेतलं होतं. त्यातली तारेची दोरी वरून प्लास्टिकने मढवलेली असते, आत खारी हवा शिरते आणि तार गंजते ते बाहेरून कळतच नाही. एक दिवस खांद्यामागून खाली ओढताना ती तटकन तुटली आणि दांडा मानेवर आला. थोडक्यात वाचले. शहरातल्या एसी खोलीत ते मशीन ठीक असेल, आपल्याकडे नाही.

माझाही एक प्रश्न आहे. मी ५२ वर्षांची. बागेला पाणी आता पंपाने, पण घरचं पाणी अजून रहाटानेच काढते. तरी वरच्या फळीवरचा पातेल्यांचा गठ्ठा उतरवताना हात थरथरतो. पाणी ओढून हात मजबूत असायला हवेत ना? मग असं का?

बंदरवाडी | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

तुमचा सगळा वाचून माका एक सांगूचा वाटता. आमच्याकडे मालवणात रापण (किनाऱ्यार ओढूचा मोठा जाळा) ओढतत, तेंका कोणी डंबेल दिल्यानी नाय. दोर धरूचो, पाय रेतयेत रोवूचे, मागे झुकान ओढूचा. दोनी बाजूक पंधरा-वीस माणसा. माझो आजो सत्तरीत ओढी होतो, तेची पाठ बघशात तर फणसाच्या फळयेसारखी. कित्याक पैसे घालवतास? आमच्याकडे येवा, ओढा, वाट्याक बांगडे पण गावतले.

लोखंडी_माणूस | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

@बंदरवाडी आजोबांना मनापासून नमस्कार. पण खाडीकाठ रोज रापण ओढायला मालवणला कसे येणार?

फिजिओ_अलिबाग | १३ ऑक्टोबर, दुपारी २:०५

मी फिजिओथेरपिस्ट आहे. थोडं लांब लिहिते, कारण बंदरवाडी आणि सुपारीच्या बागेचा प्रश्न आतून एकच आहे.

काम आणि व्यायाम यांत एक फरक असतो. व्यायामात आपण वजन ठरवतो, थकण्याच्या अलीकडे थांबतो, मधले दिवस विश्रांती घेतो आणि पुढच्या आठवड्यात थोडं वाढवतो. कामात हे चारही नसतं. जाळं जेवढं भरलं तेवढं ओढावं लागतं, दुखलं तरी. शिवाय एकाच दिशेने. माझ्याकडे बंदरावरून येणाऱ्या माणसांची पाठ खरोखर दणकट असते आणि तरी त्यांतल्या पुष्कळांना खांद्याचा आणि कमरेचा त्रास असतो, कारण तीच एक हालचाल वीस-वीस वर्षं.

ताई, तुमचं तेच आहे. रहाट ओढताना हात वरून खाली येतो. पाठ, दंडाचा पुढचा भाग आणि पकड यांना काम मिळतं. फळीवरचं पातेलं उतरवताना वजन डोक्याच्या वर धरून हळूहळू खाली आणायचं असतं, ते काम खांद्याच्या गोल स्नायूचं आणि दंडाच्या मागच्या बाजूचं. त्या दिशेला तुम्ही कधी जोर लावलेलाच नाही. शरीर जे करतं त्यातच तयार होतं. शिवाय पाळी गेल्यानंतर हाडांची घनता कमी होत जाते, त्यामुळे वजनाचा व्यायाम बायकांना तर जास्तच हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांतही सगळ्या प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितलाय. नुसतं चालणं पुरत नाही.

खाडीकाठ, तुमचं उलट. खुर्चीत बसून खांदे पुढे आलेले, फरा (खांद्यामागचं चपटं हाड) पाठीवर सैल. पालखीचा दांडा खांद्यावर येतो तेव्हा भार मान आणि खांद्याच्या मधल्या स्नायूवर पडतो आणि फरा जागेवर धरून ठेवणारे पाठीचे स्नायू दमले की सगळं मानेवर येतं. म्हणून तुम्हाला छातीपेक्षा पाठीचा व्यायाम जास्त लागेल. ढकलण्याचा एक तर ओढण्याचे दोन, या हिशोबाने सामान निवडा. आणि एक विचारते, हात वर नेताना दुखतो का? रात्री त्या कुशीवर झोपता येतं का?

खाडीकाठ | १३ ऑक्टोबर, रात्री ९:४८

फिजिओताई खूप आभार. दुखत नाही, हात पूर्ण वर जातो, झोपही लागते. फक्त दम टिकत नाही.

फिजिओ_अलिबाग | १३ ऑक्टोबर, रात्री १०:१०

छान, मग सुरू करा. बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहिते, खांदा सगळ्याच दिशांनी आखडत चालला असेल, रात्री ठणकत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील तर आधी दाखवून घ्या. चाळिशी-साठीच्या दरम्यान, आणि मधुमेह असेल तर जास्तच, खांदा आखडण्याचा आजार होतो. त्यात जोर लावून व्यायाम केला की त्रास वाढतो.

तालीमखाना | १४ ऑक्टोबर, पहाटे ५:३०

वय ६७. तरुणपणी कुस्ती आणि मल्लखांब दोन्ही केलं. इथे सगळे सामानाचं बोलतायत पण जोर कोणी काढतं का? जमिनीवर जोर, मग मुद्गल, झालं खांद्याचं काम. मुद्गल डोक्यामागून फिरतो तेव्हा खांद्याचा सांधा सगळ्या बाजूंनी मोकळा होतो, डंबेल नुसतं वर-खाली जातं. सुरुवात तीन-चार किलोच्या मुद्गलाने करा, भलता जड घेतलात तर कोपराला लागेल. लाकडाला गंज चढत नाही, फक्त पावसाळ्याआधी अळशीचं तेल चोळून ठेवायचं, नाहीतर बुरशी येते आणि मूठ फुगते.

आणि मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट दादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली. सागाचा नाहीतर शिसवीचा खांब, वर एरंडेल चोळलेलं. एरंडेलामुळे घसरण नेमकी तेवढी राहते, पकड सुटत पण नाही आणि कातडी सोलत पण नाही. अंगाला ताकद म्हणजे काय हे त्या खांबाने शिकवलं मला. तुमच्या वयाला खांब नको, पण दोरीचा मल्लखांब बघून या एकदा कुठे चालत असेल तर.

निळा_समुद्र | १४ ऑक्टोबर, सकाळी ११:००

काका, जोर आणि पुश-अप एकच ना? मी २३ वर्षांचा, ६० पुश-अप मारतो पण पुल-अप एकही येत नाही 😔

तालीमखाना | १४ ऑक्टोबर, सायंकाळी ५:१५

नाही रे बाळा. पुश-अपमध्ये अंग फळीसारखं ताठ राहतं आणि सरळ खाली-वर जातं. जोरात कंबर वर, तिथून छाती जमिनीलगत घासत पुढे सरकवायची, मान वर काढायची, मग मागे यायचं. अंग लाटेसारखं फिरतं. पाठ, कंबर, खांदे, दंड सगळं त्यात येतं. आमचे वस्ताद मोजायचे नाहीत, आवाज ऐकायचे. श्वास फुटला की म्हणायचे उठ.

लोखंडी_माणूस | १४ ऑक्टोबर, रात्री ८:२२

काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमत. जोर २०० काढले की दम वाढतो, ताकद नाही. जोराचं वजन वाढवणार कसं? ६० पुश-अप मारणाऱ्या निळ्याला एक पुल-अप येत नाही, यातच उत्तर आहे. जमिनीवर पुश-अप काढताना हातांवर शरीराचं साधारण दोन तृतीयांश वजन येतं, पुल-अपला पूर्ण. त्यात दिशा वेगळी, स्नायू वेगळे.

तालीमखाना | १५ ऑक्टोबर, पहाटे ५:४०

वजन वाढवता येतं. आम्ही पाठीवर धाकटा भाऊ बसवून जोर काढायचो. आणि लोखंडवाले, पालखी पंधरा मिनिटं नाचवायची असते, तिथे दमच लागतो. एकदा उचलून खाली ठेवायची नसते ती.

चाकरमानी | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:१२

डोंबिवलीहून वाचतोय, गाव दापोली तालुक्यात. काकांच्या या मुद्द्याला +१. पालखी स्थिर नसते. मागचा माणूस खाली बसला की भार पुढे येतो, नाचवताना दांडा खांद्यावरून उडतो आणि परत आपटतो. मला वाटतं नुसते डंबेल प्रेस करून तो धक्का झेलता येणार नाही, पाय आणि कंबर पण पाहिजे. खाडीकाठ, ३० किलोचं पोतं एका खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारा, मग खांदा बदला. मी गेल्या वर्षी टेरेसवर वाळूच्या पिशवीने केलं, सोसायटीच्या वॉचमनने वर येऊन बघितलं काय चाललंय म्हणून.

खाडीकाठ | १५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

पोत्याची कल्पना फार आवडली. घराच्या मागे जांभ्याचे चिरे पडलेत, एक उचलून बघितला, तीसेक किलो भरेल.

फिजिओ_अलिबाग | १५ ऑक्टोबर, रात्री १०:५२

चिरा खांद्यावर नको, कडा टोचतात आणि हातून सटकला तर पायावर. पोतं बरं. आणि ३० ने नका सुरू करू, १० ने करा.

पत्र्याची_शेड | १६ ऑक्टोबर, दुपारी १:३५

देवगडला फॅब्रिकेशनचं काम करतो, वीस वर्षं झाली, गेट-ग्रिल-शेड सगळं, आणि गंजाशी माझी रोजची मारामारी आहे म्हणून सामानाचं मी सांगतो.

खारी हवा म्हणजे काय तर हवेतून मिठाचे बारीक कण येऊन लोखंडावर बसतात आणि मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे पाऊस नसला तरी लोखंड ओलंच राहतं. लोक काय करतात, वरून तेल मारतात. खाली मीठ तसंच, वर तेल, आत गंज चालूच. आधी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मीठ पुसायचं, मग कोरड्या फडक्याने, मग उन्हात अर्धा तास, आणि मग शिलाई मशीनचं तेल पातळ. खोबरेल लावू नका, ते कालांतराने चिकट होतं आणि धूळ धरतं. आपल्या घामातही मीठ असतं, त्यामुळे व्यायाम झाल्यावर मूठ पुसायची सवय लावा.

क्रोमच्या चकचकीत रॉडला भुलू नका. क्रोमला दिसत नाहीत अशा बारीक चिरा असतात, त्यातून गंज आत शिरतो आणि मग क्रोमच्या टिकल्या उडतात, ब्लेडसारख्या धारदार. माझ्या पुतण्याचा तळवा कापला होता. त्यापेक्षा ओतीव लोखंड, काळा रंग मारलेलं, खराब झालं तर घासून परत रंगवता येतं. रबर चढवलेले षटकोनी डंबेल सगळ्यात टिकाऊ, फक्त दांडी गंजते ती पुसायची. स्टेनलेसमध्ये ३०४ वर पण समुद्राकाठी तांबूस डाग पडतात, ३१६ चांगलं पण महाग, व्यायामाला गरज नाही.

आता पुल-अपचा बार. हा विकत घ्यायचाच नाही. प्लंबिंगचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप घ्या, एक इंची. एक इंची म्हणतात पण बाहेरून तो ३३-३४ मिमी भरतो, मुठीला बरोबर. पाऊण इंची २७ मिमी, बारीक हाताला तो बरा. सव्वा इंची नको, ४२ मिमी होतो, मूठ मिटत नाही. निळ्या पट्ट्याचा बी क्लास चालेल, लाल पट्ट्याचा सी क्लास उत्तम, पिवळा घेऊ नका, पातळ असतो. आणि मी वेल्डिंगवाला असून सांगतो, वेल्डिंग करू नका. वेल्डिंग केलं की तिथला जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. प्लंबरकडून आटे पाडून एल्बो आणि टी लावून जोडा.

दरवाजाच्या चौकटीत अडकवायचा बार आपल्या जुन्या घरात नको, चौकट बुटकी आणि भिंत चिऱ्याची. चिऱ्यात फास्टनर धरत नाही, चिरा मऊ, भुगा होऊन बाहेर येतो. अंगणात दोन खांब दोन फूट खोल काँक्रीटमध्ये गाडा. वाशाला दोर बांधायचा असेल तर आधी वाशाला सुरी टोचून बघा, वाळवीने आतून खाल्लेला असेल तर सुरी सरळ आत जाईल.

लोखंडी_माणूस | १६ ऑक्टोबर, दुपारी २:१०

दादा, असं कोणी कधी सांगितलं नव्हतं. माझा बार तिसरा आहे, आधीचे दोन का गेले ते आज कळलं. मी तेल मिठावरच मारत होतो.

सुपारीची_बाग | १६ ऑक्टोबर, सायंकाळी ७:००

आणि बँड? मला ते हलके म्हणून बरे वाटतात.

निळा_समुद्र | १६ ऑक्टोबर, रात्री ८:३०

ताई, मी वापरतो. रबराला ऊन आणि उष्णता चालत नाही, माझा पहिला बँड खिडकीत राहिला आणि सहा महिन्यांत चिरा पडल्या. वापरून झाला की पुसून, थोडी टाल्कम पावडर लावून कपाटात ठेवा, म्हणजे पावसाळ्यात चिकटत नाही. प्रत्येक वेळी ताणून बघायचा, बारीक चीर दिसली की टाकून द्यायचा, तुटून डोळ्याला लागतो. खिडकीच्या गजाला अडकवून छातीकडे ओढा, पाठीला मस्त.

फिजिओ_अलिबाग | १७ ऑक्टोबर, दुपारी ३:२०

बरोबर. ताई, तुमच्यासाठी एवढंच पुरेल: खिडकीला बँड लावून ओढणं, ओटीच्या कठड्यावर हात टेकून तिरके पुश-अप, आणि पाण्याच्या बाटल्या डोक्यावर ढकलणं. कठडा जितका उंच तितकं सोपं. पंधरा सहज यायला लागले की पायरी, मग जमीन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनाचा हिशोब घरातच आहे. पाच लिटरच्या कॅनमध्ये कोरडी वाळू भरली तर आठेक किलो होते. समुद्राची भरलीत तर आधी धुऊन वाळवा.

खाडीकाठ, तुमचं तंत्र:

एका हाताने डंबेल ओढणं. दुसरा हात आणि गुडघा बाकावर, पाठ सपाट. हाताने ओढू नका, कोपर कमरेकडे न्या, फरा मणक्याकडे सरकतोय हे जाणवलं पाहिजे. धक्का देऊन उचललंत तर वजन जास्त आहे.

आडव्या पाईपखाली झोपून छाती पाईपला लावणं. पाईप कमरेच्या उंचीला. याने पुल-अपची वाट मोकळी होते.

उभं राहून डोक्यावर ढकलणं. इथे सगळे चुकतात. कुल्ले आवळून धरा, बरगड्या खाली, नाहीतर कमरेला बाक येतो आणि सगळा भार मणक्यावर. वजन चेहऱ्याजवळून सरळ वर.

पुश-अपमध्ये कोपरं कानाच्या रेषेत फाकवू नका, अंगापासून साधारण ४५ अंशात ठेवा.

आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकाचे तीन सेट, ८ ते १२ वेळा. सेट संपताना अजून दोन निघाले असते असं वाटेल तिथे थांबायचं. तिन्ही सेटमध्ये १२ निघाले की पुढच्या वेळी वजन वाढवा. पोत्याच्या फेऱ्या शेवटी.

निळा_समुद्र | १७ ऑक्टोबर, सायंकाळी ६:०५

आणि माझं पुल-अप?

लोखंडी_माणूस | १७ ऑक्टोबर, सायंकाळी ६:४०

स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर ने, मग पाच आकडे मोजत हळू खाली ये. असे चार-पाच, तीन सेट. वर जायला येत नसलं तरी खाली यायला येतं, आणि खाली येतानाच ताकद तयार होते. खाली आल्यावर नुसतं लटकून कोपर न वाकवता खांदे कानापासून खाली ओढायचे, तो पुल-अपचा पहिला इंच. दोन महिने धीर धर.

बंदरवाडी | १७ ऑक्टोबर, रात्री ९:००

फिजिओबाय, तुमचा काल वाचलंय आणि बापाशीक दाखवलंय. तेचो उजवो खांदो चार वर्सा दुखता, तो म्हणता वय झाला. तुमी सांगितलास तसा एकाच बाजून ओढल्यामुळा आसात काय? आता तसो रापणीक मासो पण खय रवलो, पण सवय जाणा नाय तेची.

फिजिओ_अलिबाग | १७ ऑक्टोबर, रात्री ९:४५

असू शकतं, पण न बघता सांगणार नाही. वय झालं म्हणून सोडून देऊ नका, मालवणात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि विचारा की खांद्याच्या आतल्या चार लहान स्नायूंपैकी एखादा फाटलाय का. जड काम करणाऱ्यांत हे पुष्कळ वेळा असतं आणि व्यायामाने बऱ्याच जणांना आराम पडतो.

अडकित्ता | १८ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

खाण्याचं कोणी बोललंच नाही. आमच्याकडे एकाने पावडरचा मोठा डबा आणलाय.

सुपारीची_बाग | १८ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

डबा कशाला? बांगडा आहे, कुळीथ आहे. १०० ग्रॅम बांगड्यात १९-२० ग्रॅम प्रथिनं, कोरड्या कुळथात २२ च्या आसपास. फक्त आपण पिठी पातळ करतो आणि भातच जास्त खातो, तिथे चुकतं. संकष्टी-गुरुवारी मासे नसले की उसळ वाटीभर हवी, चमचाभर नाही.

फिजिओ_अलिबाग | १८ ऑक्टोबर, दुपारी १:००

ताईंना अनुमोदन. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं. ७४ किलोला ८९ ते ११८ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

खाडीकाठ | २ डिसेंबर, रात्री १०:०५

सात आठवड्यांनी लिहितोय. काय घेतलं ते सांगतो: दहा किलोची रबरी षटकोनी डंबेल जोडी, लोखंडी रॉडची एक जोडी आणि ओतीव प्लेट मिळून ३० किलो, एक लांब बँड. मागच्या अंगणात लाल पट्ट्याच्या पाईपचे दोन बार, एक साडेसात फुटांवर आणि एक कमरेला. सगळं मिळून बजेटच्या आतच झालं. तालीमखाना काकांचं ऐकून गावातल्या सुताराकडून चार किलोचा मुद्गल पण करून घेतला, बाभळीचा.

मुद्गलाने खांदे गरम करतो आणि मग डंबेल. एका हाताने ओढणं ८ किलोवरून १७ वर आलोय. डोक्यावर ढकलणं मात्र दोन्ही हातांत १० वरच अडकलंय, तीन आठवडे. काय करू?

लोखंडी_माणूस | २ डिसेंबर, रात्री १०:४०

तिथे सगळेच अडकतात, लहान स्नायू आहेत. १० वरून एकदम साडेबारावर जाऊ नका. रॉडवाल्या डंबेलला अर्ध्या किलोच्या प्लेट लावा, ११ करा. आणि हो, तुमच्याकडे मुद्गल बघून मीपण एक घेतला. काका, बरोबर होतात तुम्ही, माझा डावा खांदा डोक्यामागे जातच नव्हता. नऊ वर्षं नुसतं वर ढकलत होतो.

तालीमखाना | ३ डिसेंबर, पहाटे ५:३५

आनंद झाला. मीही परवा नातवाच्या जिममध्ये जाऊन तो वजन ओढायचा प्रकार करून बघितला, फऱ्याच्या मधोमध नेमकं लागतं. आमच्या वेळी ओढायचं काही नव्हतं हे खरं, कुस्तीत दुसऱ्याला ओढायचो तेवढंच.

निळा_समुद्र | ११ जानेवारी, सकाळी ७:०२

एक पुल-अप आला!!! पूर्ण, खालून, हनुवटी वर!

बंदरवाडी | ११ जानेवारी, सकाळी ७:५०

शाब्बास रे झिला! बापाशीचा सांगतंय, एक स्नायू थोडो फाटलेलो आसा, ऑपरेशन नको म्हणान सांगल्यानी. बँडान व्यायाम करता रोज सकाळी, खिडकेक बांधून. आता रात्रीचो झोपता.

खाडीकाठ | होळीनंतर पाचवा दिवस, रात्री ११:४०

पालखी काल घरोघर फिरून झाली. आज लिहायला बसलोय.

सहाणेवरून उठली तेव्हा उजव्या बाजूला पुढे होतो. गाऱ्हाणं झालं, ढोल लागला. पहिल्यांदा जाणवलं ते हे की दांडा आपटला तरी मान आवळली जात नव्हती, फरा खाली ओढून धरलेला तसाच राहत होता. चाकरमानी म्हणाले तसं भार पुढे-मागे होतोच, पोत्याच्या फेऱ्या तिथे कामाला आल्या. शेवटी ३२ किलोचं पोतं घेऊन अंगणात वीस फेऱ्या मारत होतो. किती वेळ नाचवली ते माहीत नाही, पण मधे खांदा बदलला तो दुसऱ्याला संधी द्यायला, दमलो म्हणून नाही. वडील ओटीवर उभे राहून बघत होते. पालखी अंगणात आली तेव्हा त्यांनी पुढे येऊन दांड्याला हात लावला आणि माझ्या पाठीवर थाप मारली, तोंडाने काही नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पोटऱ्या प्रचंड दुखल्या, खांदे नाही. पुढच्या वर्षी पायांचं बघावं लागेल.

फिजिओताई, काका, शेडवाले दादा, लोखंडवाले, सगळ्यांचे मनापासून आभार.

तालीमखाना | दुसऱ्या दिवशी, पहाटे ५:२०

डोळे भरून आले. पोटऱ्यांना बैठका. रोज पन्नास.

सुपारीची_बाग | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:३०

खूप छान वाटलं वाचून. वडिलांना नमस्कार सांगा. माझे जमिनीवरचे पुश-अप चार निघतात आता, आणि पातेल्यांचा गठ्ठा मीच उतरवते.

चाकरमानी | दुसऱ्या दिवशी, सकाळी १०:१५

अभिनंदन! एक विचारायचं होतं, मे महिन्यात गावी येतोय, आमच्याही अंगणात बार लावायचाय. काँक्रीट किती दिवस वाळू दिलंत? आणि पावसात पाईप असाच उघडा ठेवायचा का?

पत्र्याची_शेड | दुसऱ्या दिवशी, दुपारी १:५०

काँक्रीटला सात दिवस रोज पाणी मारा, त्याआधी लटकू नका, आणि पूर्ण ताकद यायला २८ दिवस जातात हे लक्षात ठेवून पहिला महिना झोके घेऊ नका. खांब जमिनीतून वर येतो तिथे काँक्रीट थोडं उतरतं करा म्हणजे पाणी साचणार नाही, गंज कायम तिथेच धरतो. आट्याच्या जोडांना आणि त्या बुडाला जस्ताचा रंग मारा. बाकी पाईप उघडा राहू दे, पाऊस मीठ धुऊनच नेतो. पावसाळा संपला की मात्र महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसायचा.

खाडीकाठ | दुसऱ्या दिवशी, रात्री ९:३०

मी दहा दिवस थांबलो होतो. आणि वरच्या पाईपच्या दोन्ही टोकांना टोपी लावायला विसरू नका, माझ्या पाईपात पहिल्याच आठवड्यात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं.